सोमवारचं वजन

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मी विमानात अडकलो. सीटवर नाही, पंखात.

आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये उद्यापर्यंत या गोष्टीचे चार प्रकार झालेले असतील, म्हणून खरा प्रकार इथे लिहून ठेवतो. विमानाचं इंधन पंखात असतं. पंखाच्या आत फासळ्यांसारख्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये टाक्या, आणि टाकीत जायला पंखाच्या खालच्या बाजूने एक लंबगोल भोक. लांबी दीड फूट, रुंदी फूटभरही नाही. गळती लागली की टाकी रिकामी करायची, आत हवा खेळवायची, वायू तपासायचा आणि मग कोणीतरी त्या भोकातून आत जाऊन सील लावायचं. गेली सोळा वर्षं हा कोणीतरी म्हणजे मी. प्रेमानंद ढोके म्हटलं तर नागपूरच्या मिहानमध्ये दोन माणसं ओळखतील. टँकवाले ढोके म्हटलं की सगळे.

आज हात गेले, डोकं गेलं, खांदे गेले. पोट राहिलं. ना आत, ना बाहेर. बाहेर दोर धरून रितिका उभी होती. मौद्याची पोरगी, चोवीस वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी लागली. ती खालून शांतपणे बोलत राहिली, "सर, घाबरू नका. श्वास पूर्ण सोडा. अजून सोडा. मी पाय ओढून राहिली." वीस मिनिटं लागली. घरी येऊन पाहिलं तर पोटाभोवती भोकाच्या आकाराचा लाल वळ.

इन्चार्ज साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ढोके, फेब्रुवारीच्या शेवटी एक विमान येतंय, दोन्ही पंखांचं काम आहे. तोवर आत जाण्यासारखे झालात तर ठीक. नाहीतर स्टोअरमध्ये टेबल रिकामं आहे."

स्टोअर म्हणजे नटबोल्टच्या पिशव्या आणि रजिस्टर. वय चव्वेचाळीस. रिटायर व्हायला चौदा वर्षं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आहारतज्ज्ञ शामलाताईंकडे गेलो. भावनाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या शाळेतल्या मॅडमकडून पत्ता काढला. वजन एक्क्याण्णव किलो चारशे. त्यांनी एक तक्ता दिला, तोंडात जाईल ते सगळं त्यात लिहायचं.

"दारू घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही, तसं नाही. कधीमधी," मी म्हटलं. भावना शेजारीच बसली होती. ती भिंतीवरचं फळांचं चित्र पाहत होती.

हे खोटं नाही. मी घेतो ती बिअर, तीही शनिवारी, अमोलच्या गच्चीवर. बिअर म्हणजे जवळजवळ पाणीच. जितकी आत जाते तितकी तासाभरात बाहेर जाते. तक्त्यात रकाने आहेत नाश्ता, जेवण, चहा, इतर. पाण्याचा रकाना नाही.

तक्ता भावना पाहणार, म्हणून ही वही वेगळी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाच दिवस भात बंद. सकाळचा तर्री पोहा बंद. पोळ्या दोन. डोळ्यासमोर रश्श्यातली पाटोडी येते.

संध्याकाळी अमोलकडे. अमोलचं मानेवाडा चौकात बॅटरीचं दुकान आहे, आम्ही आयटीआयपासूनचे दोस्त. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, पोरगा बंगळुरूला. आठवडाभर तो शनिवारची वाट पाहतो. बिअरचा फार शौक त्याला. पण पितो मात्र हळू. माझ्या तीन बाटल्या होतात तेव्हा त्याची पहिली अर्धी असते.

मी आज चिवडा आणि तिखट शेव दोन्ही बाजूला सारले. फक्त भाजलेले शेंगदाणे, कारण त्यात प्रोटीन. अमोल म्हणाला, "मानलं गा तुले." नंतर भूक इतकी लागली की दोघं सावजीच्या खानावळीत गेलो, पण मी रस्सा कमी घेतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक्क्याण्णव किलो नऊशे. अर्धा किलो वाढलं. काटा आमच्या लग्नातला आहे, बिघडला असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नव्वद किलो आठशे. काटा सुधारला.

हँगरमधल्या औजारांच्या कपाटावर आता मी रोजचं वजन खडूने लिहितो. सगळ्यांसमोर असलं की माणूस लाजेने तरी कमी खातो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एक्क्याण्णव किलो पाचशे. आज नवा डिजिटल काटा आणला. त्यावरही एक्क्याण्णव किलो पाचशे. मी त्याला फरशीवर चार ठिकाणी ठेवून पाहिलं. बाबा खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, "वजन घर बदलल्यानं उतरत नाही गा."

भावना पुन्हा हॉलमध्ये झोपायला लागली आहे. शनिवारी, रविवारी तर नक्कीच. पेपर तपासायचे असतात म्हणते. शिक्षकांना एवढं काम देणं बरोबर नाही.

८ डिसेंबर, सोमवार

आज नव्वद किलो सहाशे. पहिला सोमवार असा की वजन वाढलेलं नाही. नवा काटा एकदाचा रुळला.

शनिवारी सहा डिसेंबर होता. बाबांना घेऊन दीक्षाभूमीवर गेलो. मेणबत्त्या, पांढरे कपडे, मोठी रांग. बाबा दोन तास उभे राहिले, बसायला सांगितलं तर ऐकेनात. त्या दिवशी अमोलकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यालाही माहीत असतं, फोनही करत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अमोलने दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून माहिती काढली. पोट बिअरने सुटतं, व्हिस्कीने नाही, कारण व्हिस्कीत साखर नसते. पटण्यासारखं आहे. म्हणून काल बिअर बंद, व्हिस्की सुरू. चार पेग, नुसत्या पाण्यातून. सोबत काकडी. आणि थोडी कलेजी, व्हिस्कीबरोबर काकडी जात नाही म्हणून.

आज सकाळी परीक्षा घ्यायची म्हणून मी आणलेला प्लायवूड काढला. त्यात विमानातल्या भोकाच्या मापाचं भोक सुताराकडून कापून घेतलं होतं. बाबांनी एक बाजू धरली, भावनाने दुसरी. मी हात वर करून शिरलो.

पुढचं थोडक्यात लिहितो. अडकलो. भावनाने गोडं तेल लावून पाहिलं. शेजारचे धोंडबा दाराशी आले आणि चप्पल काढून आतच बसले, गेलेच नाहीत. शेवटी भावना करवत घेऊन आली.

"कापू का?" तिने विचारलं.

"प्लाय काप," मी म्हटलं.

ती खाली बसली आणि हसत सुटली. डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. बाबाही हसले. मला राग यायला हवा होता, पण प्लायमध्ये अडकलेल्या माणसाला रागावायला जागा नसते. मीही हसलो, आणि हसताना पोट आत गेलं तसा अर्धा इंच सुटलो.

१५ डिसेंबर, सोमवार

एक्क्याण्णव किलो तीनशे. व्हिस्कीत साखर नसते, मग हे कुठून आलं?

१७ डिसेंबर, बुधवार

आज रितिकाला पहिल्यांदा टाकीत पाठवलं. मी बाहेर, दोर माझ्या हातात. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी बाहेरून त्या भोकाकडे पाहत होतो. ती एका झटक्यात आत गेली, घरात गेल्यासारखी. मला वाईट वाटलं. जळलो, असं लिहायला हवं.

आतून तिचा आवाज, "सर, थेंब इथंच दिसून राहिला, तिसऱ्या फासळीपाशी. सील लावू?"

"थांब," मी म्हटलं. "थेंब जिथं दिसते तिथं गळती नसते. इंधन एका जागी शिरते, फटीतून चालत जाते आणि भलत्याच जागी बाहेर निघते. मागं मागं जा. जिथून सुरू झालं ते शोध."

अर्ध्या तासाने तिला मूळ सापडलं, तीन हात मागे. बाहेर आली तेव्हा तोंडभर हसू. मीही खूश होतो, हे मला घरी येताना लक्षात आलं.

पण घरी निघण्याआधी एक झालं. डबा खाताना तिने मोबाईल पुढे केला. कपाटावरचे माझे आकडे ती रोज उतरवून घेत होती आणि त्यांची रेघ काढली होती. करवतीच्या दातांसारखी. खाली, खाली, खाली, मग एकदम वर.

"सर, दर सोमवारी वाढते," ती म्हणाली. "थेंब सोमवारी दिसते. मी मागं मागं गेली. शनिवार-रविवारात काहीतरी शिरून राहिलं."

"असं काही नसते," मी म्हटलं.

"मंग आठ डिसेंबरच्या सोमवारी काहून नाही वाढलं? त्या शनिवारी काय नव्हतं?"

मी डबा बंद केला आणि म्हटलं की तिने आपल्या कामात लक्ष द्यावं. ती मोबाईल खिशात घालून उठली. दिवसभर गप्पच होती.

काय नव्हतं ते मला ती बोलत असतानाच कळलं होतं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी एकटाच शामलाताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बिअर, व्हिस्की, कलेजी, सावजी. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पेनचं टोपण काढलं.

म्हणाल्या, "मोठी स्ट्राँग बाटली म्हणजे साधारण तीन पोळ्यांएवढी ऊर्जा. तीन बाटल्यांच्या किती झाल्या?"

"नऊ," मी म्हटलं. नऊ पोळ्या मी एका बैठकीत कधीच खाल्ल्या नाहीत, अगदी लग्नातही.

व्हिस्कीत साखर नसते हे खरं, पण दारूत स्वतःचीच ऊर्जा असते. चार मोठे पेग म्हणजे पुन्हा पाच-सहा पोळ्या. वर दुसरी गोष्ट अशी की दारू शरीरात साठत नाही, म्हणून शरीर आधी ती जाळत बसतं. तोवर चरबी रांगेत थांबते, कोणी तिला हात लावत नाही. आणि पिताना भूक लागते, कारण पोट भरल्याचं लवकर कळत नाही.

"म्हणजे ते शेंगदाणे," मी म्हटलं.

"शेंगदाणे, कलेजी, सावजी. सोमवारचं सगळंच काही चरबी नाही हं, खारट खाल्ल्याने अंगात थांबलेलं पाणीही आहे. पण पाच दिवस तुम्ही उपाशी राहून जे कमावता ते एका संध्याकाळी परत देता." मग हेही म्हणाल्या, "नुसती दारू सोडली की सगळं आपोआप उतरेल असं मी सांगणार नाही. चालावंही लागेल. पण ही सोडल्याशिवाय आकडा हलणार नाही."

बाहेर आल्यावर रितिकाला फोन केला. "तुझं बरोबर होतं," म्हटलं. ती म्हणाली, "सर, मले तर वाटलं तुम्ही मले आता टाकीत पाठवणार नाही." माझ्या बोलण्याचा तिने असा अर्थ घेतला होता, आणि मी इकडे फक्त स्वतःचंच वाईट वाटून घेत होतो.

संध्याकाळी अमोलकडे. त्याने बाटल्या बर्फात ठेवल्या होत्या. मी सांगितलं की फेब्रुवारीपर्यंत बंद.

तो बराच वेळ बाटलीवरचा कागद खरवडत राहिला. मग म्हणाला, "मंग शनिवारी येशील की नाही?"

"पिणार नाही तर येऊन काय करू?"

"हो, तेही आहे," तो म्हणाला.

नाराज झाला. शौकीन माणूस, साहजिक आहे.

४ जानेवारी, रविवार

पंधरा दिवस कोरडे. पहिले दोन शनिवार जड गेले. संध्याकाळ झाली की हातांचं काय करावं कळत नव्हतं. मी घरातले सगळे पंखे पुसले. स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त केला, जो गळत नव्हता.

नव्वद किलो. चिडचिड होते, पण सकाळी डोकं हलकं असतं.

अमोलचा फोन नाही. मीही केला नाही.

११ जानेवारी, रविवार

अमोलच्या मावसभावाचं खाप्याला, कन्हान नदीच्या काठाला शेत आहे. हुरडा पार्टीचं बोलावणं होतं. गेलो. कोवळी कणसं गोवऱ्यांवर भाजलेली, लसणाची चटणी, दही. सगळे बिअर घेऊन बसले होते. अमोलही होता, लांब बसला होता.

दीड बाटली प्यायलो. लपवत नाही. पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, याच्यासाठी एवढं? अर्धी संपेपर्यंत ते वाटणं गेलं होतं.

अमोल पाहत होता. जवळ येऊन म्हणाला, "सोडली होती ना तू? फेब्रुवारीपर्यंत?" मी म्हटलं, "एका दिवसानं काय होते." तर त्याने माझ्या हातून बाटली घेतली आणि उरलेली बांधावर ओतली.

"तुले आवडते एवढी, अन् तूच ओतून राहिला," मी म्हटलं.

"मले?" अमोल म्हणाला. "मले तर कडू लागते बे. अर्धी बाटली जाता जात नाही. तू येत होता म्हणून आणत होतो."

तीस वर्षांची दोस्ती, आणि हे मला आज कळलं.

परत येताना ठरलं, शनिवारी संध्याकाळी अंबाझरी तलावाकाठी चालायला जायचं. तो म्हणाला, रविवारीही जाऊ. मग म्हणाला, बुधवारीही दुकान लवकर बंद होते.

१ फेब्रुवारी, रविवार

पौर्णिमा. बाबांसोबत विहारात. पंचशील घेताना पाचव्या शीलाला, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, माझा आवाज गेली कित्येक वर्षं आपोआप खाली जातो. ओठ हलवतो आणि पुढे सरकतो. बाबा शेजारी असतात, पण त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कधी अडचण आली नाही.

आज म्हटलं, शब्द न शब्द.

येताना स्कूटरवर मागे बसून बाबा म्हणाले, "आज पाचवं आयकू आलं."

सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो तिथेच होता.

सत्त्याऐंशी किलो दोनशे.

९ फेब्रुवारी, सोमवार

भावना पुन्हा खोलीत झोपायला लागली. आठ दिवस झाले. म्हणते हॉलमध्ये गार वाटतं. डिसेंबरच्या थंडीत गार वाटलं नाही आणि आता थंडी सरल्यावर वाटतंय. शिवाय परीक्षा जवळ आल्यात, पेपर आता जास्त असायला हवेत. मी विचारलं तर म्हणाली, "आजकाल तुमच्या खोलीत झोप चांगली लागते." खिडकीची जाळी मी बदलली होती, त्याने हवा सुधारली असेल.

अमोलची पँट कमरेत सैल झाली. मला दाखवायला म्हणून दुकानातून घरी आला आणि जेवूनच गेला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भीती वाटते आहे. पंच्याऐंशी किलो पाचशे. आकडा चांगला आहे, पण भोकाला किलो कळत नाहीत. पोटाचा वळ गेला तरी तो दिवस अंगात आहे. एकदा अडकलेला माणूस दुसऱ्यांदा शिरताना स्वतःच फुगतो, असं आमच्यात म्हणतात.

रितिकाला हे सांगितलं. ज्युनिअरला असं सांगू नये, पण सांगितलं. ती म्हणाली, "मी दर वेळी भिते सर. मंग तुमचा आवाज येते बाहेरून, तर चालून जाते."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

विमान कालच आलं. सकाळी डाव्या पंखाची टाकी तपासून झाली, परवानगीच्या कागदावर सही झाली. इन्चार्ज साहेब थोड्या अंतरावर, हाताची घडी घालून. हँगरमधल्या निम्म्या लोकांना त्याच वेळी तिथून जायचं काम निघालं.

हात, डोकं, खांदे. पोट कडेला लागलं. मी थांबलो. खालून रितिका म्हणाली, "सर, घाई नाही. आज दुसरं कामच नाही आपल्याले."

श्वास सोडला, सोडतच राहिलो. कड पोटावरून, मग कमरेवरून सरकली आणि मी आत होतो. अंधार, टॉर्चचा उजेड, ती ओळखीची फासळ्यांची रांग. मला गहिवरून आलं, पण मास्क लावून रडता येत नाही. दोन तास काम केलं. बाहेर आलो तेव्हा टाळ्या वाजल्या. साहेबांनी हात पुढे केला, म्हणाले, "स्टोअरवाल्यांना दुसरा माणूस शोधायला सांगतो."

जेवणानंतर उजवा पंख होता. साहेबांनी विचारलं, "ढोके, जाताय ना?"

मी रितिकाकडे पाहिलं. ती दोर गुंडाळून माझ्यासाठी तयार उभी होती. मी तिच्या हातातून दोर घेतला आणि म्हटलं, "हिले जाऊ द्या. पूर्ण पंख, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी बाहेर आहे."

सव्वातीन तास उभा होतो. पाय दुखले, पण कंटाळा आला नाही.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी दोनदा सांगायला लावलं. भावना पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. माझं संपल्यावर तिने लाटणं थांबवलं.

"मंग दुसऱ्या पंखात तुम्हीच काहून नाही गेले? तीन महिने एवढा जीव काढला, अन् आता तर जाता येत होतं ना?"

"येत होतं," मी म्हटलं. "म्हणूनच तर तिला जाऊ देता आलं."